आयुष्यभराच्या नोकरीतली उधारी

‘हल्लीची मुलं एका जागी टिकत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्या पिढीचा हिशेब आधी पाहू. अमेरिकेच्या कामगार आकडेवारी खात्याने १९५७ ते १९६४ या काळात जन्मलेल्या हजारो माणसांची नोंद अनेक दशकं ठेवली आहे. त्यांच्यापैकी प्रत्येकाने अठराव्या वर्षापासून पन्नाशी ओलांडेपर्यंत सरासरी १२ हून अधिक नोकऱ्या केल्या. त्याही आधीच्या पिढीवर रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड या अर्थतज्ज्ञांनी १९९२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथले तरुण पुरुष कामाला लागल्यापासून पहिल्या दहा वर्षांत साधारण सात नोकऱ्या करत, आणि त्या वर्षांत त्यांच्या पगारात झालेल्या वाढीचा निदान एक तृतीयांश भाग नोकरी बदलल्यामुळे मिळालेला असे. आणखी मागे गेलं, तर १९१३ मध्ये फोर्डच्या कारखान्यात साधारण १४ हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षभरात ५२ हजारांवर माणसं घ्यावी लागली. लोक यायचे, कंटाळायचे, निघून जायचे. दुसऱ्याच वर्षी फोर्डने मजुरी वाढवून दिवसाला पाच डॉलर देऊ केले. ती दानत होती असं अजूनही सांगितलं जातं, पण माणसं टिकवायची हे त्यामागचं मोठं कारण होतं.

तेव्हा तरुणपणी नोकऱ्या बदलणं यात नवं काही नाही. फरक पडला आहे तो पुढच्या टप्प्यात. पूर्वी माणूस चार ठिकाणं पाहायचा, कारण पाचव्या ठिकाणी जम बसवायचा होता. आजच्या पंचविशीतल्या अनेकांना ते पाचवं ठिकाण असेल, आणि असलं तर आपण साठीला येईपर्यंत टिकेल, याचीच खात्री वाटत नाही. म्हणून कुणी फ्रीलान्सिंग करतं, कुणी दोन-तीन छोटी कामं एकत्र चालवतं, कुणी चाळिशीत निवृत्त व्हायचं गणित मांडतं, कुणी पाच वर्षं काम आणि एक वर्ष सुट्टी असं ठरवतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सगळं चंचलपणाचं वाटतं. मला त्यात बराचसा व्यवहार दिसतो. तो समजायचा, तर आधी आयुष्यभराची नोकरी हा नेमका काय सौदा होता ते पाहावं लागेल.

एडवर्ड लेझिअर या अर्थतज्ज्ञाला १९७९ मध्ये एक साधा प्रश्न पडला होता: कंपन्या ठरावीक वयाला माणसाला सक्तीने निवृत्त का करतात? काम नीट करत असेल तर राहू दे, करत नसेल तर आधीच काढा. तारीख कशाला ठरवायची? त्याचं उत्तर असं. समजा एखाद्याच्या कामाची किंमत दरवर्षी १०० आहे. कंपनी त्याला विशीत ८० देते आणि पन्नाशीत १२०. उमेदीच्या वर्षांत तो कमावतो त्याहून कमी घेतो, उतारवयात जास्त घेतो. मधल्या काळात त्याचे पैसे कंपनीकडे अडकलेले असतात. कामात कुचराई केली, पकडला गेला आणि नोकरी गेली, तर ते बुडाले. त्यामुळे डोक्यावर मुकादम न बसवताही तो नीट काम करतो, आणि त्याला शिकवण्यावर केलेला खर्चही वाया जात नाही. मात्र शेवटी शेवटी तो कामाच्या किमतीपेक्षा जास्त घेत असतो, म्हणून कंपनीला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. तीच निवृत्तीची तारीख.

थोडक्यात, ज्येष्ठतेनुसार वाढणारा पगार आणि शेवटी मिळणारं पेन्शन यांचा काही भाग म्हणजे तरुणपणी दिलेल्या उधारीची वसुली. ‘सुरुवातीला कमी मिळतं, पण पुढे चांगलं होतं’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य हाच व्यवहार सांगतं. सगळा पगार या एकाच नियमाने ठरतो असं अर्थात नाही. अनुभवाने माणसाचं काम सुधारतं, त्याचेही पैसे मिळतात. पण हा भाग ध्यानात घेतला की पुढचं बरंच काही उलगडतं.

उधारी देणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात. घेणारा परतफेडीपर्यंत तगला पाहिजे, आणि त्याने शब्द पाळला पाहिजे. स्टुडबेकर ही जुनी मोटार कंपनी पहिल्या अटीत नापास झाली. डिसेंबर १९६३ मध्ये तिने साउथ बेंड इथला कारखाना बंद करायचं जाहीर केलं. पेन्शनच्या निधीत पुरेसे पैसे नव्हते. साठी गाठलेल्या कामगारांना पूर्ण पेन्शन मिळालं. ४० ते ५९ वयाच्या चार हजारांहून अधिक कामगारांच्या हाती, त्यांना जितकं मिळायला हवं होतं त्याच्या साधारण १५ टक्के पडले. उरलेल्यांना काहीच नाही. अमेरिकेत पेन्शनला संरक्षण देणारा कायदा १९७४ मध्ये आला, त्यामागे हे प्रकरण मोठं होतं. दुसरी अट काळाच्या ओघात ढिली झाली. आयबीएममध्ये कामावरून काढायचं नाही ही रीत अनेक दशकं चालत आली होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तोट्यात गेल्यावर तिने हजारो माणसं काढली. कंपनी जिवंत राहिली, रीत गेली.

तिसरा बदल फारसा गाजावाजा न होता झाला. जुन्या पेन्शनमध्ये शेवटचा पगार आणि सेवेची वर्षं यांवरून रक्कम आधीच ठरलेली असायची. निधी कमी पडला तर भरायची जबाबदारी मालकाची. अमेरिकेत १९७८ च्या करकायद्यात ४०१(के) नावाचं एक कलम आलं आणि पुढच्या वर्षांत त्याच्या आधारे वेगळीच पद्धत रुजली: दरमहा किती टाकायचं ते ठरलेलं, शेवटी किती मिळेल ते बाजारावर. इतर अनेक देशांतही वारं त्याच दिशेने वाहिलं. बाजार पडण्याची आणि माणूस फार जगण्याची, दोन्ही जोखमी मालकाच्या खांद्यावरून कामगाराच्या खांद्यावर आल्या.

या बदलाची दुसरी बाजू मात्र फारशी कुणी सांगत नाही. जुनं पेन्शन अर्ध्यात नोकरी सोडणाऱ्याला जबर शिक्षा करायचं. नवं खातं माणसाबरोबर नव्या नोकरीत जातं. म्हणजे थांबण्याचं बक्षीस आटलं आणि निघून जाण्याचा दंडही घटला. अशा वेळी विशीतला कुणी म्हणाला की ‘माझ्या कामाचे पूर्ण पैसे आजच द्या, पुढचं मी बघतो’, तर त्याला अधीर कसं म्हणायचं? बुडायची भीती असलेल्या ठिकाणी शहाणी माणसं उधारी देत नाहीत.

पण उधारी नाकारली म्हणजे हिशेब संपला असं होत नाही. नोकरीत आणखी एक व्यवहार असतो, फ्रँक नाइट या अर्थतज्ज्ञाने १९२१ मध्ये मांडलेला. धंद्यात उद्या काय होईल ते कुणालाच ठाऊक नसतं. ही अनिश्चितता मालक स्वतःवर घेतो आणि नफा झाला तर तोही घेतो. कामगाराला ठरलेली रक्कम मिळते, महिना चांगला जावो की वाईट. म्हणजे पगार ही काही अंशी विमा पॉलिसी आहे आणि तिचा हप्ता पगारातूनच कापलेला असतो. नोकरी सोडणाऱ्याचा हप्ता वाचतो, पण विमाही बंद होतो. एखाद्या महिन्यात काम आलं नाही, क्लायंटने बिल थकवलं, हात मोडला, तर झळ थेट स्वतःला.

शिवाय पगारासोबत काही गोष्टी न मागता येतात. आजारपणातली रजा, नवं शिकायला मिळणारा वेळ, कर्ज देताना बँकेने टाकलेला विश्वास. दिवसाला मिळणारा आकारही. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावातली सूतगिरणी जागतिक महामंदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी यहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता. तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. संशोधकांनी रस्त्यावरच्या माणसांच्या चालण्याचा वेग मोजला, तर पुरुष रेंगाळत चालत होते, पुनःपुन्हा थांबत होते. कामामुळे वेळेला शिस्त लागते, घराबाहेरच्या माणसांशी संबंध राहतो, सामायिक उद्दिष्ट मिळतं, समाजात जागा मिळते आणि हातपाय हलते राहतात, असं यहोदाने पुढे मांडलं. ती बेकारी लादलेली होती आणि गरिबीतली होती. स्वखुशीने नोकरी सोडणाऱ्याची गोष्ट तिच्याशी तंतोतंत जुळणार नाही. तरी राजीनामा दिल्यानंतर काही महिन्यांनी ‘वेळ आहे, पण काहीच होत नाही’ असं म्हणणारे बरेच भेटतात.

आता पर्यायांकडे वळू. प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारायचा: मालकाच्या अंगावर असलेली कोणती जोखीम यात माझ्याकडे येते, आणि तिचे पैसे मला मिळतात का?

फ्रीलान्सिंगमध्ये सर्वांत जास्त माणसं दर ठरवताना फसतात. पगाराला महिन्याच्या दिवसांनी भागायचं, आलेला आकडा क्लायंटला सांगायचा, आणि वर्षअखेरीस हातात इतकं कमी का उरलं याचं कोडं सोडवत बसायचं. गणित असं मांडून पाहा. वर्षात शनिवार-रविवार वगळले तर साधारण २६१ दिवस उरतात. सण, सुट्ट्या, आजारपण यांचे २६ काढले की २३५. यातला सगळा वेळ बिलात लावता येत नाही. काम शोधणं, अंदाजपत्रकं पाठवणं, हिशेब, पैशांसाठी तगादा, नवं शिकणं यात एक तृतीयांश जातो असं धरा. उरले १५७. म्हणजे नोकरीतल्याइतकीच मिळकत हवी असेल तर दिवसाचा दर नोकरीच्या रोजापेक्षा दोन तृतीयांशाने जास्त हवा. विमा आणि निवृत्तीसाठीची बचत, जी आधी मालक भरत होता, तिची आणखी २० टक्के भर घातली की दर सरळ दुप्पट होतो. माझी गृहीतकं तुमच्या धंद्यात बसणार नाहीत, आकडे बदला. पण उत्तर ‘पगार भागिले दिवस’ इतकं येणार नाही. दुप्पट दर सांगायला जीभ अडखळते आणि क्लायंटही दचकतो, हे खरं. तो दर बाजारात मिळत नसेल, तर त्या धंद्यातलं स्वातंत्र्य आपण आपल्याच विम्याच्या पैशांनी विकत घेतो आहोत, एवढं निदान ठाऊक असावं.

एकाऐवजी तीन-चार उत्पन्नं हा पर्याय त्यामानाने शहाणा. फक्त ती एकाच क्षेत्रातली नसावीत. चार वेगवेगळ्या बँकांसाठी कामं करणाऱ्याचे क्लायंट चार असतात, जोखीम एकच. बँका खर्च कापायला लागल्या की चारही एकदम आटतात.

लवकर निवृत्तीचं वेड इंटरनेटवर ‘फायर’ या नावाने फिरतं. त्याचा पाया विल्यम बेंगन या आर्थिक सल्लागाराचा १९९४ मधला लेख. अमेरिकी बाजाराचे १९२६ पासूनचे आकडे घेऊन त्याने तपासलं, की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीतले ४ टक्के काढले आणि पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ केली, तर पैसे किती टिकतात. निदान ३० वर्षं टिकत होते. त्यावरून ‘वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी जमली की मोकळे’ असं सूत्र झालं. आता महागाई वजा जाता बचतीवर वर्षाला ५ टक्के सुटतात असं धरलं, तर मिळकतीच्या १० टक्के वाचवणाऱ्याला ही पुंजी जमवायला ५१ वर्षं लागतात, २५ टक्के वाचवणाऱ्याला ३२, आणि ५० टक्के वाचवणाऱ्याला १७ हून जरा कमी. बचतीचं प्रमाण इतकं निर्णायक ठरतं, कारण ते दोन्हीकडून काम करतं: पुंजी लवकर वाढते, आणि कमी खर्चात जगायची सवय लागल्याने लक्ष्यही लहान होतं. अडचण दोन ठिकाणी आहे. बेंगनचं गणित ३० वर्षांचं. पस्तिशीत थांबणाऱ्याला ५०-५५ वर्षं काढायची असतात, तेव्हा ४ टक्के हा आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही. आणि निम्मी मिळकत वाचवायची तर आधी तेवढी मिळकत हवी. तुटपुंज्या पगारातून निम्मं वाचत नाही, पोट बांधलं तरी. ही वाट दाखवणारे बहुतेक जण भरपूर पगाराच्या नोकऱ्यांतून आलेले असतात, आणि ती बाब ते शेवटच्या ओळीत सांगतात.

सगळेच पर्याय नोकरीबाहेर शोधावे लागतात असंही नाही. आइसलंडमध्ये २०१५ ते २०१९ दरम्यान अडीच हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांनी आठवड्याला ४० ऐवजी ३५-३६ तास काम करून पाहिलं, पगार तोच. बहुतेक ठिकाणी कामात घट झाली नाही, आणि पुढे तिथल्या संघटनांनी करारांतून कमी तास मिळवले. लांब बिनपगारी रजा, अर्धवेळ काम, खातं बदलून घेणं हेही यातलेच. राजीनाम्याचा विचार करणाऱ्या कितीतरी जणांना खरं तर वेळ हवा असतो. तो मागून पाहायला काय हरकत आहे?

ॲपवरून मिळणाऱ्या कामांना मी पर्याय मानत नाही. गाडी चालवणं असो की पार्सल पोचवणं, दर ॲप ठरवतं, काम ॲप वाटतं, रेटिंग घसरलं की खातं बंद करतं. तरी कागदोपत्री माणूस ‘स्वतःच्या वेळेचा मालक’. मालकाचा अंमल आहे, पण मालकाने घ्यायची जोखीम मालक घेत नाही, आणि ती झेलणाऱ्या कामगाराला तिचा मोबदलाही मिळत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना ‘वर्कर’ ठरवलं. हा दर्जा पक्का नोकर आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्या मधला. त्यात किमान वेतन आणि पगारी रजा मिळते. त्याच वर्षी स्पेनने कायदा करून ॲपवरून सामान पोचवणाऱ्यांना नोकरच धरायचं ठरवलं.

कुठलाही पर्याय निवडताना परतीची वाट पाहून ठेवावी. जपानमध्ये मोठ्या कंपन्या पदवीधरांना शिक्षण संपताच, वर्षातून एकदा, एकगठ्ठा भरती करत आल्या आहेत. तिथे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘फ्रीटर’ हा शब्द आला: कंपनीच्या साच्यात न अडकता छोटी-मोठी कामं करत मोकळं जगणारा तरुण. शब्दाला तेव्हा ऐट होती. मग तेजीचा फुगा फुटला, भरती गोठली, आणि पुढे जे फ्रीटर झाले त्यांतले पुष्कळ नाइलाजाने झाले. सरकारी मोजणीत २००३ मध्ये त्यांची संख्या २१ लाख ७० हजार होती. नोकरीचं दार पदवीच्या वर्षातच उघडत असल्याने ती संधी हुकलेल्यांपैकी अनेकांना चाळिशीतही पक्की नोकरी मिळाली नाही. ज्या क्षेत्रात मधेच आत घेतात, तिथे दोन वर्षं भटकणं स्वस्त पडतं. जिथे वयाची अट, सेवाज्येष्ठता किंवा सतत नूतनीकरण लागणारा परवाना आहे, तिथे तीच दोन वर्षं महागात पडतात. पाठीशी घरची पुंजी असलेल्याला दोन्हीकडे निभावता येतं. यशकथा वाचताना ही पुंजी शोधत जावी; ती बहुधा कुठेतरी असतेच.

एकट्याने जोखीम पेलायची नसेल तर ती वाटून घेता येते, आणि इथे खरी कल्पकता दिसते. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या मोंड्रागॉन सहकारी समूहाची सुरुवात १९५६ ची. २०१३ मध्ये त्यातली घरगुती उपकरणं बनवणारी फागोर दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या बऱ्याच सभासदांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतलं. बेल्जियममध्ये १९९८ पासून चालणारी स्मार्ट ही संस्था फ्रीलान्सरच्या वतीने क्लायंटला बिल लावते, पैसे यायला उशीर झाला तरी सभासदाला मुदतीत पगार देते, आणि कागदावर त्याला नोकराचा दर्जा मिळवून देते. बदल्यात प्रत्येक बिलातला छोटा हिस्सा कापते. नाइटने सांगितलेला विमाच हा, फक्त मालकाच्या जागी सगळे सभासद.

फ्रान्सने हे राष्ट्रीय पातळीवर केलं आहे, पण एकाच क्षेत्रापुरतं. रंगभूमी, संगीत, चित्रपट इथले कलाकार आणि तंत्रज्ञ एका वेळी काही दिवसांच्या करारावर काम करतात. बारा महिन्यांत ५०७ तास भरले की रिकाम्या दिवसांसाठी त्यांना बेरोजगारी भत्ता मिळतो. नोकरी एका मालकाची असायलाच हवी हा आग्रह सोडला, तरी संरक्षण देता येतं याचा हा चालता-बोलता पुरावा. खर्चावरून दर काही वर्षांनी त्यावर वाद होतो, संपही होतात. आणि कुंपण अजून तिथेच आहे: नाटकाची प्रकाशयोजना करणाऱ्याला त्यात जागा आहे, त्याच नाटकाचं पोस्टर काढणारा फ्रीलान्स डिझायनर मात्र बाहेर.